वीर स्टेशनचा रिक्षावाला

वीर स्टेशनबाहेरच्या या रिक्षावाल्याला मी कधी नाव विचारलं नाही. शेवटचा उतारू बाहेर आल्याशिवाय तो महाडला निघत नाही. "थांबा, कोनतरी हाय अजून," म्हणतो.

परवा पॅसेंजर सुटली आणि एक आजोबा बोचकी घेऊन रडवेले बाहेर आले. आजी गाडीतच राहिल्या होत्या. मी आधीच रिक्षात बसलेला. मला न विचारताच त्यानं आजोबांना घेतलं आणि रिक्षा पुढच्या स्टेशनाकडे पिटाळली.

तिथं आजी बाकावर निवांत बसल्या होत्या. आजोबांना पाहून म्हणाल्या, "सामान बरं आठवनीनं उतरवलंत! मी काय दिसले नाय?"

रिक्षावाल्यानं सीटवरची सगळी बोचकी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आजी, आदी तुमी बसा."