बोरीवरची जोडी

काका कीटक व्हर्नियरने मोजत. तीन मिलिमीटरचा जिवंत जीव बोरीच्या पानावर बसलेला असे आणि आयुष्यभर फिटर राहिलेला हा माणूस व्हर्नियरचे जबडे त्याला स्पर्श न करता दोन्ही बाजूंनी मिटवत आणी. श्वास रोखलेला, चष्मा कपाळावर. आकडा वहीत उतरला की मगच बोलत, "हं, आता मत दे." मापाआधीचे मत त्यांनी माझ्याकडून कधीच घेतले नाही. मी तेव्हा आठवीत होते.

त्यांची नोकरी भोपाळला, बरखेड्याच्या कारखान्यात झाली आणि निवृत्तीनंतर ते नेहरू नगरात आमचे शेजारी झाले. झाडांचा रस शोषणारे ढेकूण जमवण्याच्या छंदामुळे गल्लीत त्यांना 'खटमलवाले अंकल' म्हणत. काकू वैतागत, "लोक पाहुण्यांना बाग दाखवतात, आमचे हे ढेकूण दाखवतात." काकांचे उत्तर ठरलेले, "चावत नाहीत ते. पाहुण्यांपेक्षा बरे."

प्रत्येक कीटक कार्डाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेला असे. खाली मोहरीएवढ्या अक्षरांत चिठ्ठी: ठिकाण, तारीख, झाड, पकडणाऱ्याचे नाव. झाड लिहायचे राहिले, तर नमुना कितीही दुर्मीळ असो, बाद. "घरच ठाऊक नाही, तर ओळख कसली, बेटा?"

पुढे मी कीटकशास्त्रात पीएच.डी. करू लागले, तेव्हा त्यांच्या पेटीतल्या तीन नमुन्यांनी मला झपाटले. लांब पंखांचे, फिकट, सडपातळ; कोणत्याच प्रसिद्ध वर्णनाशी न जुळणारे. तिन्ही नर. मी नवी प्रजाती जाहीर केली आणि तिला काकांचे नाव दिले. छापील अंक घेऊन गेले, तर त्यांनी त्या नावावरून एकदा बोट फिरवले आणि विचारले, "आणि मादी?"

"सापडेल नंतर, काका."

"जल्दी कसली होती? पार्ट बसत नसला तर ठोकून नाही बसवायचा."

घाई होतीच. प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर होती. मी रागावून परतले.

त्यानंतरचे दोन हंगाम काका रोज सकाळी मागच्या अंगणात बोरीसमोर स्टूल टाकून बसले. दुसऱ्या दिवाळीला मी घरी गेले, तेव्हा त्यांनी एक कार्ड पुढे सरकवले. मी भिंग लावले. माझा लांब पंखांचा नर होता आणि मिलनातच त्याला जोडलेली, मुंगीसारखी दिसणारी, आखूड पंखांची काळी मादी. ती मला अनोळखी नव्हती. फार पूर्वी केवळ मादीवरून वर्णिलेल्या एका प्रजातीची ती होती. त्या प्रजातीचा नर कोणी पाहिलाच नव्हता. म्हणजे दोन्ही एकच. अशा वेळी जुने नाव टिकते, नवे रद्द होते.

"मॅडम, तुमच्या प्रजातीचं लग्न लागलं," काका म्हणाले.

मला हसू आले नाही. "तुमचं नाव जाईल, काका. आणि हे दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना." मग चष्मा पुसत, जरा हळू, "तुझ्या काकूला तीनदा वाचून दाखवलं होतं मी ते नाव. झालं की! आता बरोबर लिही. छापून आलं की दाखव."

ती चार पाने लिहायला मी आठ महिने लावले. कारणे पुष्कळ होती. खरे एकच होते, माझ्या हाताने ते नाव खोडवत नव्हते. पावसाळ्यात काका गेले. दुरुस्ती त्यानंतर छापून आली.

आता त्यांचे नाव जुन्या नावाखाली, रद्द झालेल्यांच्या ओळीत, बारीक टाइपात आहे. ते कार्ड मात्र संग्रहालयात आहे आणि त्याखालच्या चिठ्ठीतला एक शब्दही बदलावा लागला नाही.

माझ्या प्रयोगशाळेत आज केसाच्या जाडीहून सूक्ष्म मापे घेणारी यंत्रे आहेत. तरी भोपाळला गेले की काकू त्यांचा व्हर्नियर काढून देतात आणि मी बोरीसमोर स्टूल टाकते. आकडा वहीत उतरवते. मग मत लगेच लिहीत नाही; थोडा वेळ थांबते.