गौरीची गोळी

आमच्या घरी तिला गौरीची गोळी म्हणत. सणात पाळी आडवी येऊ नये म्हणून आई आणि काकू भाद्रपद लागला की मेडिकलमधून ती आणायच्या. तिचा आणखी काही उपयोग असेल, हे दिल्लीत एमएला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

मुनिरक्यातल्या आमच्या खोलीचे जिने चढताना मला धाप लागू लागली. पाळी आली की थांबायची नाही, वर्ग बुडायचे. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परत जावं लागतंय की काय, अशी भीती वाटायची. शेवटी मैत्रिणीने ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोबत तीच ओळखीची गोळी.

"मॅडम, ये तो पूजावाली है!"

त्या खळखळून हसल्या. मग नीट समजावलं. शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हे कृत्रिम संप्रेरक. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गोळी थांबली की पाळी येते. "ठरल्या दिवशी थांबव. मग किती जातं, ते मला बघायचंय."

गोळी ठरल्या दिवशी थांबवली, तर पाळी नेमकी गौरीपूजनाला येणार होती. त्या वर्षी आई पहिल्यांदा दिल्लीला आली होती, सरोजिनी नगरला मावशीच्या क्वार्टरमध्ये. गौरीला साडी लेकीने नेसवायची, ही आमची रीत.

"चार दिवस जास्त घे. मी नाही का घ्यायचे?"

"तू सणासाठी घ्यायचीस, आई. मी बरी व्हायला घेतेय."

आईने विचारलं, "वर्ग बुडणार नाहीत ना मग?"

"नाही."

"मग कर बंद."

पूजनाच्या सकाळी पाळी आली. चारचौघींसारखी, बेताची. आनंदाने मला रडूच आलं. मावशीचे तिन्ही जिने मी न थांबता चढले आणि सवयीने बाहेरच्या खोलीत बसले.

आतून आई म्हणाली, "बसलीस काय? निऱ्या धर."

"अगं ताई, तिला अडचण आहे ना?" मावशी म्हणाली.

"ती औषधावर आहे. औषधाला विटाळ नसतो."

"हा नियम कधी निघाला?"

"आत्ता!"

मावशीला हसू आवरेना. मी हात धुतले आणि निऱ्या धरल्या.