महामायाताईंची निवडणूक आणि शेषेराव सरांचं पुस्तक

उमेदवाराचा सूचक म्हणजे अर्जावर सही करायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं, अशी माझी समजूत होती. महामायाताईंच्या अर्जावर मी सही केली आणि पुढचा महिनाभर एसटीच्या मागच्या सीटवर उडत बसलो.

आमचं नांदेड-लातूर ग्रंथपाल मंडळ म्हणजे दोन जिल्ह्यांतल्या ग्रंथपालांची संघटना. कॉलेजातले, तालुक्याच्या वाचनालयातले, खेड्यात संध्याकाळी तासाभरासाठी कपाट उघडणारे, असे सगळे तिचे सभासद. अध्यक्षाची निवडणूक घटनेत लिहिलेली आहे, पण ती कधी होत नसे. सभेत कुणीतरी उठून शेषेराव बिरादार सरांचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी जेवण गार व्हायच्या आत टाळ्या वाजवायच्या. सर लातूरच्या एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले, निलंग्याकडे घरची शेती, अंगात कायम कडक इस्त्रीचा सदरा. माणूस वाईट अजिबात नाही. कुणाला नाही म्हणत नसत, 'बघू' म्हणत. त्या बघूत आमचे कितीतरी अर्ज गडप झाले.

त्यातलाच एक महामाया सोनकांबळे यांचा. ताई बिलोलीच्या वाचनालयात ग्रंथपाल आहेत. मंडळ दरवर्षी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतं आणि ते कायम लातूरला. बिलोली, देगलूर, मुखेडकडच्या बायकांना तिथून संध्याकाळी परतायचं म्हटलं तर गाडीचा मेळ बसत नाही, आणि मुक्काम करायला घरचे पाठवत नाहीत. प्रशिक्षण नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून कितीही वर्षं काम केलं तरी बाई सहायकच. एक वर्ष प्रशिक्षण नांदेडला घ्या, एवढंच अर्जात मागणं होतं. ताई दरवर्षी अर्ज द्यायच्या आणि सर दरवर्षी पहिल्या दोन ओळी वाचून त्याची छान घडी घालायचे.

"वाचून न्हाई म्हणले असते तर मी गप बसले असते, सुदर्शनभाऊ," ताई मला म्हणाल्या. "वाचतच न्हाईत. मग मीच त्या खुर्चीत बसून वाचते की."

न वाचणं ताईंना एवढं का झोंबतं, ते कळायला त्यांचे वडील माहीत हवेत. व्यंकटी सोनकांबळे शेतमजूर होते, अक्षरओळख नव्हती, पण बाजाराच्या दिवशी पेपर विकत घ्यायचेच. घरी आले की लेकीला समोर बसवून वाचायला लावायचे. बातम्या संपल्या की लेक उठायला बघायची. "बस," व्यंकटी म्हणायचे, "पैसे पुऱ्या पेपराचे दिलेत." मग तिनं निविदा वाचायच्या, तुरीचा भाव वाचायचा, हरवलेल्या माणसांचं वर्णन वाचायचं आणि सगळ्यात खाली छापखान्याचा पत्तासुद्धा. वडील गेले, खोड राहिली. ताई लग्नपत्रिका वाचतात ती 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की या'पर्यंत. औषधाच्या खोक्यातली मुंगीएवढ्या अक्षरांची चिठ्ठी वाचतात. त्यांचे यजमान नागसेन सांगतात की हिला दुकानात नेलं तर साबणाचं वेष्टन वाचून होईपर्यंत दुकानदार शटर ओढायला लागतो.

तर अशा बाईचा प्रचार. आम्ही लोहा केलं, अहमदपूर केलं, उदगीर, मुखेड, देगलूर केलं. आमच्याकडे वाचनालयात पाहुणा आला की त्याचा सत्कार होतो, मग तो मतं मागायला आलेला का असेना. हारतुरे बंद झालेत, त्याऐवजी शाल आणि एक पुस्तक देतात. लोह्याला ताईंना पुस्तक मिळालं, 'कपाटाआडचा शेषेराव'. हे शेषेराव सरांचं आत्मचरित्र. सरांनी ते स्वतः छापलं होतं आणि जीप घेऊन दोन्ही जिल्ह्यांत फिरून प्रत्येक वाचनालयात एकेक गठ्ठा ठेवला होता. अध्यक्षांचा गठ्ठा नको कोण म्हणणार? पण ठेवायचा कुठं? मग आलेल्या पाहुण्याला एकेक प्रत द्यायची पद्धत पडली.

अहमदपूरलाही तेच पुस्तक मिळालं. उदगीरलाही तेच. मुखेडला देणाऱ्या ग्रंथपालबाई शिवकन्या निदान लाजल्या तरी. देगलूरच्या प्रतीचं पहिलं पान फाडलेलं होतं, म्हणजे ती कुणाला तरी सप्रेम भेट मिळालेली प्रत पुन्हा भेटीला निघाली होती. विरोधी उमेदवाराचं आत्मचरित्र पिशवीत भरून गावोगाव हिंडणारा प्रचारप्रमुख म्हणून मी इतिहासात जाणार, हे मला तिथंच कळून चुकलं. अख्ख्या मंडळात एवढं फिरलेलं दुसरं पुस्तक नाही, आणि ते एकानंही वाचलेलं नव्हतं.

प्रचारात आणखी एक गोष्ट ठरल्यासारखी व्हायची. चहा झाला की कुणीतरी घसा साफ करून म्हणायचं, "ताई, तुमचं काम लई चांगलं हाय. पण आता अध्यक्षपद म्हणल्यावर..." आणि वाक्य तिथंच सोडून द्यायचं. पुढचं कुणी बोलत नसे. बाई, त्यातून सोनकांबळे, एवढंच त्या अर्ध्या वाक्यात असायचं आणि ते सगळ्यांना ऐकू जायचं. मला राग यायचा, मी कप आपटून ठेवायचो. ताई शांतपणे विचारायच्या, "म्हणल्यावर काय, सर? पुरं करा की." समोरचा माणूस बिस्किटाचा पुडा पुढं करायचा.

बोटांवर मतं मोजून बघितली तर आम्ही मागे होतो. थोडेच, पण मागे. तेव्हा मला ती पिशवी आठवली. मतदानाआधी लातूरच्या सभेत दोन्ही उमेदवारांना बोलायला मिळणार होतं. मी ताईंना म्हणालो, "भाषण करूच नका. पिशवी टेबलावर उलटी करा आणि नुसतं सांगा, ही सगळी अध्यक्षांची पुस्तकं अध्यक्षांच्याच मतदारांनी मला काढून दिली. सभागृह हसून लोळंल. हसलेले लोक मत देतात."

"तुम्ही वाचलं हे?" ताईंनी विचारलं.

"कुणी वाचलंय?"

"मग हसायचं कशावर?"

आणि त्यांनी पहिलं पान न फाडलेली एक प्रत काढून एसटीत वाचायला घेतली. बिलोली ते नांदेड वाचायच्या, नांदेड ते बिलोली वाचायच्या. सातव्या प्रकरणात सरांनी कपाटांची मांडणी कशी बदलली ते लाकडाच्या जातीसकट लिहिलं होतं. ताईंना जांभया येत होत्या, मान पडत होती, पण पान गाळायला तयार नाहीत. मी म्हणालो, "ताई, याचे पैसे कुठं दिलेत आपण?" तर म्हणाल्या, "कागद तर गेलाय ना कुणाचा तरी." मी खिडकीबाहेर बघत बसलो. अशा बाईला निवडून आणणं माणसाचं काम नव्हे, असं माझं मत झालं.

सभेच्या दिवशी लातूरचं ते सभागृह भरलं होतं. शेषेराव सर आधी बोलले. मंडळ म्हणजे एक कुटुंब आहे, असं म्हणाले आणि प्रशिक्षणाचंही बघू म्हणाले. मग ताई उठल्या. पिशवी मी मुद्दाम त्यांच्या पायाशी ठेवली होती, न जाणो ऐन वेळी बुद्धी फिरली तर. ताई वाकल्या आणि त्यांनी एकच प्रत वर काढली.

मुखपृष्ठ दिसलं मात्र, मागच्या रांगेतून खसखस सुरू झाली. ते पुस्तक कुठून कुठं गेलं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, प्रत्येकानं ते कुणाच्या तरी गळ्यात मारलं होतं. हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. व्यासपीठावर शेषेराव सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. त्यांना समजलं होतं. खरं सांगतो, महिनाभर ज्या क्षणाची मी वाट बघत होतो तो आला तेव्हा मला सरांकडे बघवेना.

"यात नववं प्रकरण हाय," ताई म्हणाल्या. "सरांच्या कॉलेजात मागच्या खिडकीतून पुस्तकं चोरीला जात होती. सरांनी पाळत ठेवली. तर पोरगं पुस्तक नेत होतं अन् चार-आठ दिवसांनी त्याच खिडकीतून परत ठेवत होतं. फी भरली नव्हती म्हणून त्याचं कार्ड बंद केलं होतं. सरांनी त्याला धरलं न्हाई. त्या दिवसापासून त्या खिडकीची कडी लावली न्हाई. पहिला भाग परत आला की दुसरा भाग खिडकीत काढून ठेवायचे. पोरगं पास होऊन गेलं. सर लिहितात, मी त्याच्यासमोर कधी गेलो न्हाई, गेलो असतो तर त्याला लाज वाटली असती."

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. सरांचा चष्मा हातातच राहिला होता.

"हे आपल्याला कुणालाच ठाऊक नव्हतं," ताई म्हणाल्या, "कारण आपण एकमेकांचं शेवटपर्यंत वाचत न्हाई. पुस्तक न्हाई अन् अर्जबी न्हाई. मी वाचीन. एवढंच सांगायला उभी हाय. सातवं प्रकरण जरा लांबलंय, ते पार केलं की नववं येतं." आणि खाली बसल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळे बघत होते शेषेराव सरांकडे. मी कपाळाला हात लावला. विरोधकाचा एवढा सुंदर प्रचार आजवर कुणी केला नसेल. शेजारी बसून मी दात-ओठ खात म्हणालो, "ताई, तुम्ही कुणासाठी मतं मागून राहिलात?" ताई पाणी प्यायल्या. पेला रिकामा झाला तरी तो पुन्हा तोंडाला लावला. त्यांना ती खुर्ची किती हवी होती, ते मला तेव्हा दिसलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

मतदानाची रांग लागली. माझ्यापुढं निलंग्याचे भीमाशंकर अण्णा उभे होते. गावच्या वाचनालयात हयात घालवलेले, सरांच्या अगदी घरोब्यातले. ते त्यांच्या पुढच्याला सांगत होते, "आरं, जी बाई शेषेरावाचं पुस्तक आखरीपर्यंत वाचती, तिला आपले अर्ज काय जड हायत?" पुढचा हसला. त्यानं ते त्याच्या पुढच्याला सांगितलं. वाक्य रांगेत पुढं सरकत गेलं आणि या वेळी कुणी ते अर्ध्यात सोडलं नाही.

ताई निवडून आल्या. फार मतांनी नाही, पण आल्या. बायकांनी त्यांना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. मी गर्दीत उभा राहून उगाच सगळ्यांशी हात मिळवत होतो आणि डोळे पुसत होतो.

गर्दी ओसरल्यावर शेषेराव सर आले. अभिनंदन केलं, रीतसर. मग जरा घुटमळले.

"बाई, सातवं खरंच लांबलंय?"

"हाव सर. लई."

"कितपत?"

"अर्धं काढलं तरी चालंल."

सरांचा चेहरा असा खुलला की निवडणूक तेच जिंकलेत असं वाटावं. म्हणाले, "एक प्रत मिळंल का? वाटता वाटता माझ्याच घरात एकबी राहिली न्हाई." मी अख्खी पिशवी पुढं केली. ताईंनी माझा हात मागं सारला आणि वाचलेली प्रत त्यांना दिली. "ही बिलोलीच्या वाचनालयात दाखल केलीय," म्हणाल्या. "शिक्का हाय. वाचून परत आणा."

त्या हिवाळ्यात प्रशिक्षण नांदेडला झालं. बिलोलीहून, देगलूरहून बायका सकाळच्या गाडीनं आल्या, डबे घेऊन. संध्याकाळी घरी जाणार आणि सकाळी परत येणार म्हणून त्यांचा आवाज असा काही मोकळा लागला होता की वाचनालयात शांतता राखा, हे त्यांना शिकवायचं कसं, असा प्रश्न पडावा. पहिल्या दिवशी व्याख्यानाला ताईंनी शेषेराव सरांना बोलावलं होतं. सर लातूरहून आले, छान बोलले, खिडकीची गोष्ट स्वतः सांगितली. मग पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"सातव्यात मीच दोनदा झोपलो," म्हणाले.

बायका हसल्या. सरांचं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं. त्यांनी शाल गुंडाळली, नारळ पिशवीत टाकला आणि घाईनं उठले. "निघतो बाई. ही गाडी गेली तर पुढच्या गाडीनं घरी पोचायला मध्यरात्र व्हायची. काय ही गैरसोय! एवढ्या लांब माणसानं यावं तरी कसं अन् सांजच्याला जावं तरी कसं?"

आता बायका हसल्या नाहीत. मुखेडच्या शिवकन्याबाईंनी ताईंकडे बघितलं.

"अर्जात हेच लिहिलं होतं, सर," ताई म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीत."

सर दारात थांबले. मग परत आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आणा तो अर्ज."

ताईंनी फाइलीतून काढून दिला. सरांनी तो उभ्यानंच वाचला, तारखेपासून खालच्या सहीपर्यंत, ओठ हलवत, सावकाश. मग उलटून मागची कोरी बाजूही बघितली. तोवर गाडी गेली होती. त्या दिवशी सर नांदेडातच, माझ्या घरी मुक्कामाला राहिले.