तांदळाच्या डब्यातली किल्ली

पिंपळे गुरवकरांनो, आतूनबाहेरून दोन्हीकडून किल्लीनेच उघडणारं लॉक घेणार असाल, तर आधी हे वाचा.

माझे सासरे, आण्णा, नव्वदीला टेकलेत. पन्नासच्या दशकात पिंपरीत कारखाने आले, तेव्हा कामाला लागलेले. आता माणसं विसरतात, पण फर्स्ट शिफ्ट विसरत नाहीत. रोज सकाळी शर्ट खोचून कंपनीची बस धरायला निघतात. एकदा थेट रावेतला सापडले. म्हणून गेल्या आठवड्यात मी हट्टाने हे लॉक बसवून घेतलं आणि आतली किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली.

आज सकाळी फ्रिजची वायर जळाली. बघता बघता स्वयंपाकघर धुराने भरलं, आणि किल्ली तिथेच. इकडे आण्णा खोकत दाराचं हँडल ओढत होते. मी नाकाला ओढणी लावून आत शिरले, तांदळात कोपरापर्यंत हात घातला. किल्ली हाताला लागली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

शेजारच्यांनी मेन स्विच बंद केला. धूर निवळेपर्यंत आम्ही खाली थांबलो.

"उशीर झाला गं. बस गेली व्हय?" आण्णांनी विचारलं.

"चला, बघू," म्हटलं. कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आज सुट्टी हाय वाटतं. चल घरी."

आणि गुपचूप माझ्यासोबत परत आले.

दुपारी लॉक बदललं. आता आतून नुसत्या हाताने उघडतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर सांगा, तुम्ही कुलूप लावता की सोबत जाता?