ती ओळ माझी होती

समोरच्या पडद्यावर एका बाईचा फोटो होता. खांद्याला बोचकं, कडेवर पोर. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं : मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे.

सरांनी विचारलं, "हा मेसेज खरा की खोटा?"

"खोटा," सगळा वर्ग म्हणाला. एम.ए.चा वर्ग. तेवढं आम्हाला कळतं.

पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मेसेज खोटा असेल. पण ही माणसं असतातच तसली."

वर्ग हसला. सरही हसले.

मी तिसऱ्या बाकावर होते. माझी आजी, आई, मावशी, सगळ्या असंच बोचकं घेऊन गावोगाव हिंडल्या. सुया, दाभण, फण्या, काळी पोत विकत. आम्ही भटक्या जमातीतले. शेवगावच्या बाहेर आमची पालं होती, आता पत्र्याची घरं आहेत. नगरला आल्यावर हे मी कुणाला सांगितलं नाही. हॉस्टेलवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, आमची शेती आहे.

पण माझी मान खाली गेली ती त्या हसण्यानं नाही. हाच मेसेज मी पाठवला होता.

दोन महिन्यांपूर्वी खोलीतल्या मैत्रिणीनं तो दाखवला. म्हणाली, "बघ गं, कसल्या बायका फिरतात. तुझ्या तिकडच्या ग्रुपवर टाक ना."

बाई ओळखीची नव्हती. बोचकं ओळखीचं होतं. त्यात काय असतं ते मला माहीत होतं. खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ती विचारणार, तुला कसं माहीत? मग शेती कुठली, घर कुठलं, सगळं निघणार.

मी मेसेज शाळेतल्या दहावीच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाकला नाही. वर माझी ओळ लिहिली : "अशा बायांना वेशीच्या आत घेऊ नका, बोचकं तपासा."

का लिहिली? मी त्यांच्यातली नाही हे मैत्रिणीला दाखवायला. कुणी विचारलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. मावशीला मारलं. माझ्या शाळेच्याच गावात.

घरी गेले तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा मिटलेला, हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला. बोचकं चौकात जाळलं होतं. ती सांगत होती, "त्या पोरानं मोबाईल दावला. म्हनला, हितं लिवलंय. मी म्हनलं, बाबा, वाचून तरी दाव. तर वाचलं त्यानं. अशा बायांना वेशीच्या आत घेऊ नका, बोचकं तपासा."

शब्दन् शब्द तिला पाठ होता.

मला म्हणाली, "तू शिकलीयास. कोन लिवतं गं असलं?"

मी म्हणाले, "माहीत नाही." आणि चुलीपाशी जाऊन चहा टाकला.

आता वर्गात सरांनी कागद वाटले. कुठल्याशा अभ्यासासाठी विद्यार्थ्यांची मतं हवी होती. खोट्या बातम्यांना कोण जास्त बळी पडतं? सगळ्यांनी खूण केली : अशिक्षित, ग्रामीण. तुम्ही स्वतः कधी असा मजकूर पुढे पाठवला आहे का? नाही. शेजारणीनं केली, मागच्यानं केली. मीही केली. नाही.

सर कागद गोळा करायला आले. कागद माझ्या हातातून सुटेना.

"काय झालं?"

मी उभी राहिले. "सर, हा मेसेज मी पाठवला होता. वर माझी ओळ लिहून. त्या ओळीपायी माझ्या मावशीचा हात मोडला. ती अशिक्षित आहे. तिनं कधीच काही पाठवलं नाही."

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकाकडं बघून मी म्हणाले, "आणि ही माणसं म्हणजे मी."

सर म्हणाले, "बस. इमोशनल होऊ नकोस."

"बसत नाही," मी म्हणाले. 'नाही'वर काट मारली, 'होय'वर खूण केली, आणि ज्या कागदावर नाव लिहायचं नव्हतं त्यावर नाव, आडनाव, जात लिहिली.

रविवारी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "जवळ नगं येऊ." थोड्या वेळानं म्हणाली, "मला सांगून काय हुतंय? ज्यांनी वाचलं त्यांना सांग."

ग्रुपवर लिहिलं. मेसेज खोटा होता, ओळ माझी होती, मार खाल्लेली बाई माझी मावशी आहे. एकानं लिहिलं, "जुनं कशाला उकरतेस?" तासाभरात मला ग्रुपमधून काढलं.

मावशी माझ्याशी अजून बोलत नाही. बोलावं असा हट्ट मी धरणार नाही. पण येत्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा फिरायला निघणार आहे, नवं बोचकं घेऊन. मी बरोबर जाणार आहे, तिनं नको म्हटलं तरी. त्या गावच्या चौकात उभी राहून मी ती ओळ मोठ्यानं म्हणणार आहे आणि ती कुणाची ते सांगणार आहे. अंगावर आले तर येऊ देत. या खेपेला पुढं मी असेन.