अंडं चालत नाही

इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या फार्मसीत लस देणारी ती बाई नागपूरची आहे, एवढंच मला ठाऊक आहे. दिवसभर ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी असते. मागे फोन वाजत असतो. तरी फॉर्मवरचे प्रश्न एकूण एक मोठ्यानं विचारते.

"अहो, तुम्ही ओळखता की मला," मी दरवर्षी वैतागते.

"विचारावंच लागतं. कायदा आहे," ती दमल्या आवाजात म्हणते.

यंदा फ्लूच्या लशीसाठी सासूबाईंना नेलं. त्यांच्यामुळे आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही.

"काकू, अंड्याची ॲलर्जी? ही लस अंड्यात वाढवतात."

"अंडं चालत नाही मला."

तिचं पेन थांबलं. "चालत नाही म्हणजे? खाल्लं तर त्रास होतो?"

सासूबाईंनी चोरून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही जरा पडद्याबाहेर थांबता?" ती मला म्हणाली.

थोड्या वेळानं पडदा सरकला. लस देऊन झाली होती.

"काय म्हणाल्या मग?" मी विचारलं.

"कायद्यानं ते मला सांगता येत नाही," ती त्याच दमल्या आवाजात म्हणाली, आणि दोघींनीही माझ्याकडे बघायचं टाळलं.