मूळ नकाशात नसलेली कबर

अंगात येणं, बाधा होणं असल्या गोष्टींना मी आजवर हसतच आले. आमचं काम मोजमापाचं... मूळ कागदावर असेल तेवढंच उतरवायचं. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

औरंगाबादला एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होते, फुलंब्रीहून रोज एसटीनं यायची. शहर वाढत होतं. नव्या वसाहतीसाठी जुना टोपो नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा होता. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी छापलेला — एवढंसं शहर, आणि दक्षिणेला तिथल्याच सातारा गावाच्या डोंगराच्या तपकिरी रेषाच रेषा.

माझं काम तपासायचे आमचे सीनियर ड्राफ्ट्समन सलीमभाई, छावणीत राहणारे. दोन्ही कागद ताडून पाहताना ते थांबले.

"ताई, ही कबर कुठून आणली?"

डोंगराच्या उतारावर कबरीची बारीक खूण. शाई माझी, हात माझा. मूळ नकाशात तिथं कोरी जागा... आणि मला ती काढल्याचं काही केल्या आठवेना. मी खोडते म्हटलं, तर ते नको म्हणाले. मग हळू आवाजात सांगितलं — त्यांचे अब्बा सर्व्हेत मोजणीची साखळी धरणारे खलाशी, म्हणजे मदतनीस होते. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत डोंगराकडे कामाला गेले ते परतलेच नाहीत. सलीमभाई तेव्हा तीन वर्षांचे. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं नकाशा घेऊन गेलो. खुणेच्या जागी दगडांची रास होती. शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"त्या गडबडीत मेलेला माणूस हाय," तो म्हणाला. "माझ्या बापानं पुरला. नाव ठावं नाय. मोजायची साखळी व्हती जवळ."

सलीमभाई चपला काढून राशीजवळ गेले. मग फातिहा पढले.

पुढं साहेबांनी मूळ नकाशात नाही म्हणून ती खूण खोडायला लावली. मीच खोडली. ती माझ्या हातून उमटली कशी, हे तेव्हा कळलं नाही, आज रिटायर होऊनही कळलेलं नाही.

राहून राहून आठवते ती त्या रविवारची संध्याकाळ. मी सलीमभाईंबरोबर त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी अम्मींना सगळं सांगितलं. अम्मी रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "वहाँ छाँव है क्या?"

सलीमभाई हो म्हणाले.

त्या उतारावर एकही झाड नव्हतं.